हॉलंडचा पाऊस, सावेडीच्या कुरडया

कोथिंबीर निवडताना बाईच्या मनात काय चाललंय हे कुणाला कळत नाही, आणि ही केवढी मोठी सोय आहे हे स्नेहलला फार उशिरा समजलं. जुडी संपते, देठं कचऱ्यात जातात, विचार जिथल्या तिथे विरतात. त्यांची जाहिरात होऊन ते हॉलमधल्या टीव्हीवर परत येत नाहीत.

मोबाईलचं तसं नसतं. हे तिला कळलं तेव्हा शेजारच्या दिपालीताई नेमक्या समोर बसल्या होत्या.

दिपालीताई आल्या होत्या विरजणाला आणि बसल्या होत्या चहाला. विरजण न्यायला आलेली बाई चहा न घेता गेली तर दही लागत नाही, असा त्यांच्या सोसायटीत एक समज आहे, आणि तो बहुधा दिपालीताईंनीच पसरवलेला आहे. टीव्हीवर कुरडयांसाठी गव्हाचा चीक कसा शिजवावा याचा व्हिडिओ चालू होता. चीक रटरटायला लागला, बाईने त्यात हिंग टाकला, आणि एकदम चीक गेला, बाई गेली, आणि गुलाबी कोटातली एक डॉक्टरीण पडद्यावर येऊन थेट स्नेहलच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आपलं मूल तीन वर्षांचं झालं, तरी बोलत नाही?"

स्नेहल ताडकन उठली. रिमोट सापडेना, तेव्हा तिने टीव्हीची पिनच भिंतीतून उपटली आणि लाईट गेल्याचं जाहीर केलं. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता. दिपालीताईंनी पंख्याकडे पाहिलं, मग स्नेहलकडे पाहिलं, आणि आमच्याकडेही कधी कधी अशीच जाते, असं म्हणून त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

त्या गेल्यावर स्नेहल दाराला कडी लावून सोफ्यावर बसली. सोफ्याच्या पायाशी समर्थ आपला ट्रॅक्टर फरशीवरून फिरवत होता आणि तोंडाने 'ड्रूं' असा आवाज काढत होता. त्याच्या शब्दकोशात हा एक शब्द पक्का होता. दुसरा 'आँ'. बाकी मुलगा गुटगुटीत, डोळे चमकदार, सांगितलेलं सगळं समजायचं, हाक मारली की वळायचा. फक्त बोलत नव्हता. सकाळी सुनील कंपनीत गेल्यावर तिने मोबाईलवर तेवढंच लिहून विचारलं होतं, आणि विचारून झाल्यावर ते पुसूनही टाकलं होतं. पुसलेलं दुपारी टीव्हीवर कसं आलं, हा प्रश्न होता.

स्नेहल केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झाली होती, आणि त्यामुळे आपल्याला कोणताही विषय मुळापासून समजून घेता येतो असा तिचा विश्वास होता. तिने दोन-चार लेख वाचले. त्यांतून कळलं ते असं, की आपण मोबाईलमधून जे पुसतो ते फक्त मोबाईलमधून पुसलं जातं. जाहिरातवाले माग काढतात ते वेगळेच. पण त्यांच्याही आधी, ज्याच्या वायरीतून आपलं इंटरनेट येतं, त्याला आपण कुठे कुठे जातो हे दिसू शकतं. लेखात त्याला 'सेवा पुरवठादार' असं म्हटलं होतं. हे वाचून पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काचेची मोठी इमारत आली असती. स्नेहलच्या डोळ्यांपुढे अजिनाथभाऊ आले.

अजिनाथभाऊ म्हणजे केबलवाले. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, स्कूटरला बांधलेली शिडी, आणि बोलायची भारी हौस. पूर्वी ते घरोघरी चॅनेल द्यायचे, आता नेट देतात. परवाच ते दारात उभे राहून, वहिनी, ह्या महिन्यात तुमचा वापर फार वाढलाय, असं हसत हसत म्हणून गेले होते. तेव्हा तिने त्यांना सरबत दिलं होतं. आता ते वाक्य आठवून तिला ते सरबत वाया गेल्यासारखं वाटलं. आणि अजिनाथभाऊंच्या पत्नी आरतीवहिनी, त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीत घरोघर जाणाऱ्या.

आता एवढं लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं कुणी म्हणेल. असं म्हणणाऱ्याला तिचं सासर माहीत नाही. पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या शेजारी सुनीलचं गाव. त्या गावात माणसाला एकदा नाव पडलं की पडलं. सुनीलचा एक चुलतभाऊ चौथीत असताना साहेब तपासणीला आले तेव्हा वर्गात झोपला होता. आज त्याचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे, दोन मुली आहेत, आणि दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत त्याच्या नावापुढे कंसात 'झोप्याशेठ' असं छापलं होतं, नाहीतर लोकांना दुकान कुणाचं ते कळलं नसतं. तीन वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलाला ते गाव काय नाव ठेवेल, हे स्नेहलने मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. पोरगं उद्या बोलायला लागेल, भाषणंही ठोकेल, पण ते नाव त्याच्या लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जाईल. म्हणून सुनीलला तिने शपथ घातली होती, की हे गावाकडे बोलायचं नाही, सोसायटीत बोलायचं नाही. फोनवर सासूबाईंनी नातवाशी बोलायचं म्हटलं, की समर्थ नेमका झोपलेला असायचा. त्याच्या आजीच्या हिशेबाने ते मूल दिवसाचे वीस तास झोपत असावं.

तेव्हा घराची तटबंदी करायची असं तिने ठरवलं.

पहिल्यांदा तिने मोबाईलमधली गुप्त खिडकी वापरून पाहिली. काळा पडदा, टोपी घातलेल्या माणसाचं चित्र, सगळं कसं भरवशाचं वाटलं. मग तिथेच खाली बारीक अक्षरात वाचलं, की तुम्ही काय पाहता हे तुमच्या सेवा पुरवठादाराला तरीही दिसू शकतं. म्हणजे ही खिडकी फक्त सुनीलपासून लपण्याच्या कामाची होती, आणि सुनीलला तर समोर मांडून ठेवलेलं मीठही दिसत नाही.

मग तिला व्हीपीएन नावाचा प्रकार सापडला. त्याचं वर्णन तिला फार आवडलं. म्हणजे असं, की आपली वायर अजिनाथभाऊंच्या घरावरूनच जाते, पण आत एक बंद बोगदा असतो. भाऊंना फक्त बोगदा दिसतो. आपण बोगद्यातून बाहेर पडतो ते थेट परदेशात, आणि जगाला वाटतं आपण तिथलेच. तिने फुकटातलं एक उतरवून घेतलं, यादीतला पहिला देश निवडला, आणि नगरच्या सावेडीतल्या दुसऱ्या मजल्यावरची स्नेहल एका क्षणात हॉलंडला पोचली. पासपोर्ट नाही, डबा नाही, काही नाही. तिला फार सुरक्षित वाटलं. फुकटच्या बोगद्याचा मालक आत काय काय बघत असेल, हा विचारही तिला आला, पण तो निदान हळदीकुंकवाला येणारा नव्हता.

हे सुख एक दुपारही टिकलं नाही.

त्या दिवशी इमारतीच्या गच्चीवर कुरडया होत्या. सगळ्या बायकांनी मिळून पहाटेपासून चीक हाटला होता, सोऱ्याने पाडला होता, आणि जुन्या साड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांगोळी पसरली होती. नगरच्या एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत कडकडीत वाळतील असा अंदाज होता. दुपारी स्नेहलने सहज मोबाईल उघडला, तर वर ढगाचं चित्र आणि खाली, पुढच्या तासाभरात जोराचा पाऊस. आता आपली गोष्ट लपवणं वेगळं आणि शेजाऱ्यांच्या कुरडया भिजू देणं वेगळं. ती जिन्याने पळत सुटली, प्रत्येक दार वाजवलं, आणि पाच मिनिटांत सगळ्या बायका गच्चीवर. ओल्या कुरडया साडीसकट गोळा झाल्या आणि गोळा होताना त्यांचा खरोखरच गोळा झाला. मग सगळ्या जणी जिन्यात उभ्या राहून पावसाची वाट बघत राहिल्या.

आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. उन्हाने गच्चीची फरशी चटके देत होती. दिपालीताईंनी मोबाईल मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं की नगरला आत्ता अकरा डिग्री आहे का. मोबाईल हॉलंडला का गेला हे सांगायचं, तर तो कशाला पाठवला हेही सांगावं लागलं असतं. तेव्हा तिने कंपनीच्या मोबाईलमध्ये हल्ली काही अर्थ राहिला नाही, एवढंच म्हटलं, आणि त्या वर्षीच्या कुरडया वाया घालवणारी बाई म्हणून आपलं नाव इतिहासात लागू दिलं. बी. एस्सी.चा मान त्या जिन्यात गेला तो गेलाच.

तेवढ्यात सुनीलचा एमआयडीसीतून फोन. त्याच्या बँकेने त्याला कळवलं होतं की तुमचं खातं कुणीतरी परदेशातून उघडायचा प्रयत्न करतंय, सबब ते बंद ठेवलंय. तो घामाघूम झाला होता. स्नेहलने त्याला हळू आवाजात समजावलं, की घाबरू नको, परदेशातून म्हणजे स्वयंपाकघरातून, मी लाईटबिल भरत होते. मग सुनीलने विचारलं, "स्नेहल, तू जेवलीस का नीट?"

हॉलंड सोडावं लागलं. पण शंका मनातून जाईना. तळमजल्यावरचे आदिनाथकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कुणाचा, कशाचा, हे काही न सांगता तिने त्यांना नुसतं विचारलं, की काका, वायरीतून जातं ते मधल्या माणसाला कळतं का हो. काकांचा चेहरा खुलला. कळतं म्हणजे काय, ते म्हणाले, मी खात्यात असताना ट्रंक कॉल जोडायचो, तेव्हा निम्म्या नगरची लग्नं मुलीच्या बापाच्या आधी मला कळायची. मग त्यांनी कोणाचं कुठे मोडलं, कोणाचं कसं जमलं, हे नावगावासकट सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वीची गुपितं काकांच्या तोंडात अजून ताजी होती. शेवटी काकांनी सल्ला दिला, की अशा कामात फोनाफोनी उपयोगाची नाही, समक्ष जाऊन विचारायचं.

ती समक्ष गेली. समर्थला स्कूटरवर पुढे उभा करून भिस्तबागेच्या रस्त्यावर अजिनाथभाऊंच्या ऑफिसात. भाऊ कुठल्यातरी खांबावर होते. आरतीवहिनींनी विचारलं, नेट स्लो आहे का. नाही. बंद पडतं का. नाही. मग काय तक्रार आहे. स्नेहलने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. आम्ही घरात काय बघतो, ते तुम्हाला इथे दिसतं का?

आरतीवहिनींचे टाईप करणारे हात थांबले. त्यांनी स्नेहलकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत हळूहळू अशी काही माया दाटून आली, की स्नेहल गोंधळली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, पाणी दिलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"मिस्टरांचं काही आहे का हो?"

कसलं, हे कळायला स्नेहलला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने नाही, नाही, तसलं काही नाही म्हणून सांगितलं, पण ते अशा घाईने आणि असं लाल होऊन सांगितलं की आरतीवहिनींची खात्रीच पटली. वहिनी म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, बऱ्याच घरांत आहे. आपल्याकडे 'परिवार कवच' म्हणून सोय आहे. ती चालू केली की नको ती दुकानं बंद. नुसता ओटीपी आला की झालं. स्नेहलने फक्त 'कवच' हा शब्द ऐकला. तिला वाटलं, एवढ्यावर भागत असेल तर बरंच आहे, आणि तिने मान हलवली. त्या मान हलवण्याचा पुढे फार पश्चात्ताप व्हायचा होता.

कारण ओटीपी तिच्या मोबाईलवर आला नाही. सुनीलच्याही नाही. फ्लॅट घेताना आबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हातभार लावला होता, आणि घरातली थोरली वस्तू थोरल्याच्या नावावर, ही त्यांच्या घराची रीत. फ्लॅट आबांच्या नावावर, लाईटबिल आबांच्या नावावर, म्हणून लाईटबिल दाखवून घेतलेलं इंटरनेटही आबांच्या नावावर, आणि नंबरही आबांचाच. आबांनी आयुष्यात नेट वापरलं नव्हतं, पण सावेडीतल्या त्या वायरीचे कायदेशीर धनी ते होते. ओटीपी तिथे गेला, आणि आबा त्या वेळी गावच्या दूध डेअरीत रांगेत उभे होते.

आबांना मेसेज वाचता येत नाही असं नाही, पण अक्षर बारीक असतं. तेव्हा त्यांनी फोन डेअरीच्या सचिवाकडे दिला. सचिवाचा आवाज दणदणीत, कारण दुधाचं फॅट तो रोज रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगतो. त्याच आवाजात त्याने वाचलं, की कानिफनाथरावजी, आपल्या घरातील जोडणीवर आक्षेपार्ह व अश्लील संकेतस्थळे बंद करण्याची आपली विनंती मिळाली आहे.

रांगेतल्या किटल्या खाली ठेवल्या गेल्या, असं नंतर कळलं.

स्नेहलचा फोन वाजला. मागे डेअरीचं मशीन घरघरत होतं, पण माणसं मात्र अजिबात बोलत नव्हती.

"सूनबाई," आबा म्हणाले, "आमी असली विनंती कवा केली गं?"

तिने काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिलाही नंतर आठवेना. आबांनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आबा 'बरं' म्हणतात तेव्हा काहीच बरं नसतं, हे त्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला पहिल्या दिवाळीतच कळतं.

इकडे सावेडीत, हळदीकुंकू नसतानाही, बातमी घरोघर पोचली. सुनीलला जिन्यात भेटणाऱ्या बायका एकदम भिंतीकडे बघू लागल्या. आदिनाथकाकांनी त्याला पार्किंगमध्ये गाठून पहाटे उठण्याचे फायदे सांगितले, थंड पाण्याच्या आंघोळीचं महत्त्व सांगितलं आणि प्राणायामाच्या वर्गाला चलायचा आग्रह केला. सुनीलला वाटलं काका आपल्या वाढत्या पोटाबद्दल बोलतायत. त्याने येतो म्हणून कबूल केलं. त्याच्या कबुलीने उरलासुरला संशयही मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आणि आई पारनेरमार्गे एसटीने येऊन दाखल झाले. सोबत बाजरी, दुधाची किटली आणि गंभीर चेहरे. सासूबाई साळूबाई एरवी दारातूनच समर्थला हाका मारत येतात. आज त्यांनी त्याला मुकाट उचलून घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. आबांनी येताना फोन करून अजिनाथभाऊंनाही बोलावून घेतलं होतं, कारण जोडणी आपल्या नावावर आहे, तेव्हा जाब आपणच विचारायचा. भाऊ आले. भाऊ आलेले पाहून आदिनाथकाका आले. दार उघडं पाहून दिपालीताई विरजण परत द्यायला आल्या, जे जगात आजपर्यंत कुणी परत दिलेलं नाही.

सुनील पहिली पाळी संपवून घरी आला तो थेट या पंचायतीत. हातात डबा, पायांत बूट.

आबांनी त्याला समोर बसवलं. बोलायला त्यांनाही जड जात होतं. ते आधी पावसावर बोलले, मग कांद्याच्या भावावर बोलले, आणि मग फरशीकडे बघत म्हणाले, "सुनील, लेकरू हाय घरात. आसलं काय बघतूस तू?"

सुनीलने आधी काही न समजून आबांकडे पाहिलं. मग काकांकडे, जे संथपणे मान हलवत होते. मग त्याने स्नेहलकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आठवडाभरातलं हॉलंड, बँक, कवच, सगळं त्याच्या डोक्यात एका रांगेत लागलेलं तिला दिसलं. आता हा सांगणार, तिने मनाशी म्हटलं. सांगायलाच हवं, बिचाऱ्याने का म्हणून ऐकून घ्यायचं.

सुनीलने डबा खाली ठेवला.

"चुकलं आबा," तो म्हणाला. "परत न्हाई बघणार."

खोलीत एक सुस्कारा पसरला. काकांनी त्याची पाठ थोपटली. आईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि स्नेहलला, इतके दिवस ज्यासाठी ती धडपडत होती ते सगळं एका क्षणात मिळालेलं असताना, रडू फुटलं. गुपित शाबूत होतं. कुणालाही काही कळलं नव्हतं. फक्त हा माणूस आता जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत आणि त्या डेअरीच्या रांगेत मान खाली घालून उभा राहणार होता. त्या गावात नाव पडायला एवढं पुष्कळ होतं.

"त्यांनी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "मी बघत होते. समर्थ बोलत नाही. त्याचं मी शोधत होते. तुम्हा कुणाला कळू नये म्हणून हे सगळं केलं."

बाहेर रिक्षा गेली. स्नेहल वाट बघत उभी राहिली, की आता कोण पहिल्यांदा हाय हाय करतंय.

"व्हय की," सासूबाई म्हणाल्या. "बोलत न्हाई त्यो. मग?"

स्नेहलने दिपालीताईंकडे पाहिलं. दिपालीताई विरजणाच्या वाटीत बघत होत्या. त्यांनी सावकाश सांगितलं, की अगं, तो रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये आमच्या मुलांत खेळतो. लपाछपीत त्याच्यावर राज्य आलं की आकडे दुसरं कुणीतरी मोजतं. ते कळायला इंटरनेट कशाला लागतं? आम्हाला वाटायचं तुला आवडायचं नाही, म्हणून आम्ही मुलांना ताकीद देऊन ठेवली होती, तिच्यासमोर विषय काढायचा नाही. आदिनाथकाकांनीही मान हलवली. चाळीस वर्षं जुनी लग्नं न लपवू शकलेल्या काकांनी ही एक गोष्ट पोटात ठेवली होती, हे ऐकून स्नेहलला बसावंच लागलं.

तिने अजिनाथभाऊंना विचारलं, तरीही एकदा खरं सांगा, तुम्हाला दिसतं का. भाऊ डोकं खाजवू लागले. ते म्हणाले, वर कुठेतरी नोंद राहत असेल वहिनी, खोटं कशाला बोलू, राहतच असेल. मला दिसतं ते तुमच्या नेटच्या डब्याचा दिवा हिरवा आहे की तांबडा. म्हणजे भीती खरी होती की खोटी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण आता मुख्य भीती विचारायची होती, आणि ती तिने आबांना विचारली. गावात त्याला काय म्हणतात?

आबा अवघडले. त्यांनी आईंकडे पाहिलं. आईंनी खुणेने सांगू नका म्हटलं. शेवटी आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कलेक्टर," ते म्हणाले.

"काय?"

"आगं, दिवाळीला आल्ता तवा तोंडातून शबूद काढीत नव्हता, निस्तं बोट दाखवायचा. आन् बोट दाखवलं की आमी समदे पळायचो. कुनी पानी आन, कुनी खारी आन. डेअरीवालं म्हनलं, हा तर कलेक्टरच हाय. आता समदं गाव म्हनतंय. लई रुबाब हाय त्याचा तिकडं."

सुनील पहिल्यांदा हसला. मग भाऊ हसले. स्नेहलला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. ती एवढंच विचारू शकली, की आई, तुम्हाला माहीत होतं तर मला म्हणाला का नाहीत.

"तू झाकीत हुतीस," सासूबाई म्हणाल्या. "आमी म्हनलं, झाकू दे तिला. दमली की सांगंल."

मग नगरमधल्याच एका वाचा उपचार करणाऱ्या मॅडमची वेळ घेतली. खरं तर एक आई आणि एक मूल एवढ्यांनी जायचं काम, पण आबा म्हणाले मी येतो, आई म्हणाल्या मग मी काय घरी बसू, सुनीलने रजा टाकली, आणि दिपालीताईंना त्या बाजूला कामच होतं. मॅडमनी समर्थच्या कानांची तपासणी केली, त्याच्याशी खेळल्या, त्याला चित्रं दाखवली. ऐकू नीट येतं म्हणाल्या. समजही चांगली आहे. बोलायला उशीर झालाय, मेहनत घ्यावी लागेल, दर आठवड्याला यावं लागेल. मग त्यांनी विचारलं की घरात हा काही मागतो तेव्हा काय होतं, आणि पाचही जण एकदम उत्तर द्यायला लागले. मॅडम जरा वेळ हसत ऐकत राहिल्या. सगळे थांबल्यावर म्हणाल्या, याला बोलायला तुम्ही जागाच ठेवलेली नाही. बोट दाखवलं की लगेच द्यायचं नाही. वस्तू समोर धरायची, नाव एकदा सांगायचं, आणि मग गप्प बसायचं. त्याने काही आवाज काढेपर्यंत गप्प. कितीही वेळ लागला तरी.

त्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसले. समर्थला तहान लागली. त्याने फडताळावरच्या पाण्याच्या बाटलीकडे कलेक्टरी थाटात बोट केलं. सुनील सवयीने निम्मा उठला, स्नेहलने त्याला शर्ट धरून खाली बसवलं. तिने बाटली काढली, समर्थच्या समोर धरली, "पाणी" म्हणाली, आणि गप्प झाली.

सगळेच गप्प झाले. या विषयावर कुणी काही बोलू नये, म्हणून तिने किती महिने देव पाण्यात घातले होते. आता खरोखरच कुणी बोलत नव्हतं आणि तिचा जीव घुसमटत होता. पंख्याचा आवाज येत होता. दारात दिपालीताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आईंचे ओठ जपासारखे हलत होते, पण आवाज नव्हता. समर्थने पुन्हा बोट दाखवलं. कुणी हललं नाही. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं प्रशासन असं एकाएकी ठप्प झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवया जवळ आल्या. खालचा ओठ थरथरला, मग वरचा त्याला येऊन मिटला, गाल जरासे फुगले, आणि स्नेहल पुढे झुकली, कारण 'प' असाच सुरू होतो.

"आरं दे की त्याला," आबा कळवळून म्हणाले, "पानी पायजेल हाय त्याला, पानी."

समर्थने गाल सोडले आणि आबांकडे बघून समाधानाने मान डोलावली.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी टोपी घातली आणि काही न बोलता आपणहून गॅलरीत जाऊन पाठ करून बसले. स्नेहलने समर्थला पाण्याचा एक घोट दिला, फक्त एक. मग तिने बाटलीला झाकण लावलं आणि ती परत त्याच्यासमोर धरली.

"पाणी," ती म्हणाली, आणि गप्प बसली.